पंचफुलाचं नाव, पटवाऱ्याच्या बटव्यात

मी एक जुना पितळी शिक्का आहे. शिक्का म्हणजे खेळातलं नाणं नव्हे हं, मित्रांनो! कागदावर नाव उमटवतात तो शिक्का. बोटभर उंची, वर लाकडी मूठ आणि बुडाशी कोरलेलं नाव: पंचफुला दौलत. माझ्या अंगावर ती अक्षरं उलटी आहेत, म्हणून कागदावर सुलटी उमटतात. मला एका जागी स्वस्थ बसवत नाही. डब्यात ठेवा, खिशात ठेवा, माझी चुळबुळ चालूच. ही खोड मला जन्मापासून नव्हती. ती कशी लागली तेच सांगायला आलो आहे.

माझा जन्म आदिलाबादच्या बाजारात झाला. तिथे एक मियाँ शिक्के कोरायचे. उर्दू म्हणा, तेलुगू म्हणा, मराठी म्हणा, सगळ्या अक्षरांत त्यांचा हात बसलेला. बेला गावचा दौलत त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि बायकोचं नाव सांगितलं, तसे मियाँ हसले. "औरत के नाम की मोहर? पहली बार बना रहा हूँ, भाई."

"जमिनीचा पट्टा तिच्या नावावर आला, मियाँ," दौलत म्हणाला. "मंग शिक्का बी तिचाच पायजे."

दौलतचं घर जयभीमवालं. जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबल्यावर सरकारकडून दोन एकरांचा तुकडा मिळाला होता, तोही पंचफुलाच्या नावावर. मला खिशात घालून तो घरी आला, तेव्हा पंचफुला त्याच्यावर उखडलीच. "मले अंगठा पुरते की! काऊन पैसे घातले यात?"

"अंगठा नाई लावायचा तू," दौलत म्हणाला. "नाव लावायचं."

मग तिनं मला शाईत बुडवलं आणि पहिला ठसा कागदावर नाही, आपल्या डाव्या तळहातावर उमटवला. वाचता येत नव्हतं तिला, तरी कितीतरी वेळ ती त्या हाताकडे बघत बसली. लहानगी चंद्रभागा मांडीवर चढून विचारत होती, "माय, हे काय हाय?" पंचफुला म्हणाली, "हे मी हाय." मित्रांनो, तेव्हा मला जो अभिमान वाटला, तो पुन्हा वाटायला फार वर्षं जावी लागली.

दुसऱ्याच वर्षी दौलत तापानं गेला. आणि मी गेलो बटव्यात.

हा बटवा गावच्या जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्या पटवाऱ्याचा, चंपतरावांचा. पटवारीपण त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. शेतसाऱ्याची पावती असो, पिकाची नोंद असो, शिक्का लागायचाच. आणि त्याच दिवसांत कापूस वेचणीला आलेला! पटवारी येणार म्हणून कोण रान सोडून बसेल? मग चंपतराव म्हणायचे, "राहू द्या शिक्का माझ्यापाशी. लागेल तेव्हा मी लावतो." लोकांना तेच सोयीचं. कोणी म्हणजे कोणी शिक्का परत मागायचं नाही. मागायचा म्हणजे पटवाऱ्यावर विश्वास नाही असंच झालं की! पंचफुलानंही सगळ्यांसारखं केलं. जाड खादीच्या त्या बटव्यात मी धोंडीबाच्या शिक्क्याला आणि कौशल्याबाईच्या शिक्क्याला घासत पडून राहिलो. वर्षातून एकदोनदा बाहेर यायचो, पावतीवर टेकायचो, पुन्हा आत. चंपतरावांनी तेव्हा काही वावगं केलं असं मी म्हणणार नाही. खोटं कशाला बोलू?

मग हैदराबादेत आंध्रचं नवं सरकार आलं. चौऱ्याऐंशीच्या सुरुवातीला त्यानं हुकूम काढला: वंशपरंपरेची पटेलकी-पटवारकी बंद. गावात एकच गलका उडाला. कुणी पेढे वाटले, कुणी तोंड पाडलं. चंपतरावांनी सगळं दप्तर बैलगाडीत घालून तहसिलीत नेऊन दिलं. सही झाली, पोच मिळाली. दप्तर गेलं, पण बटवा त्यांच्या खुंटीलाच राहिला. शिक्के तर दप्तरात मोडत नव्हते! ते लोकांचे होते, आणि लोकांना त्यांची आठवणही नव्हती. मी तिथं लटकत वाट बघायचो, की आता पंचफुला येईल, आता येईल. ती आली नाही. आणि माझी ही चुळबुळ तेव्हापासूनची.

पटवारकी गेली तशी चंपतरावांनी आदिलाबादच्या कापूस बाजारात दलाली धरली. तिथं एका जिनिंगवाल्या शेठशी त्यांचं सूत जमलं. शेठला नफा भरपूर, आणि इन्कम टॅक्स भरायचं म्हटलं की हात खिशातच अडकायचा. शेतीच्या कमाईवर मात्र इन्कम टॅक्स नसतो, हे त्याला पक्कं ठाऊक. मग काय, शेठनं हिशोबात न दाखवता घेतलेला कापूस गरीब शेतकऱ्यांच्या नावानं विकायचा आणि पैसा गुपचूप शेठच्या घरी. शेतकऱ्यांची नावं कुठून आणायची? अहो, बटवा होता ना!

मला बाहेर काढलं की माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. धाड, पावती. धाड, आणखी एक पावती. 'पंचफुला दौलत, बेला, कापूस विकला.' अरे, कुठला कापूस? तिच्या दोन एकरांत निम्मी ज्वारी, आणि कापूस गाडीच्या तळाला लागला तरी खूप! मी अडून बसायचो, शाई नीट धरायचो नाही. चंपतराव मला धोतराला पुसायचे, तोंडाजवळ नेऊन हा करायचे आणि पुन्हा दाबायचे. पितळेला ओरडता आलं असतं, तर मी अख्खा बाजार गोळा केला असता.

इकडे चंद्रभागा सातवी पास झाली. पुढची शाळा आदिलाबादेत. रोजचं जाणं-येणं परवडणारं नाही, म्हणून सरकारी वसतिगृहात जागा मिळाली तरच शिक्षण, नाहीतर दुसऱ्याच्या रानात निंदणी. जागेसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. तालुके मोडून नवीन मंडलं झाली होती, म्हणून पंचफुला मंडल ऑफिसात गेली. तिथं कारकुनानं तिच्यापुढे पावत्यांचा गठ्ठा टाकला. शेठच्या टॅक्सची चौकशी लागली होती, आणि ह्या शेतकऱ्यांची कमाई खरी किती, हे विचारायला पावत्या मंडलात आल्या होत्या.

"इतका कापूस विकते आणि गरिबीचा दाखला मागते? सोमवारी साहेबासमोर उभी राह्य. तवाच काय ते."

ती घरी आली ती सुन्न होऊन. शेजारची भागाबाई तोंडाची मोठी फटकळ, पण जिवाला जीव देणारी. ती म्हणाली, "साधी गोठ हाय. साहेबाले मन, हा माहा शिक्काच नाई."

त्याच दिवशी दिवेलागणीला, चौकशीची कुणकुण लागलेले चंपतराव दारात उभे. गूळ लावून बोलणं तर त्यांच्याकडून शिकावं! "पंचफुलाबाई, हा तुमचा शिक्का. जुन्या सामानात सापडला. म्हटलं, ज्याची वस्तू त्याला द्यावी." असं म्हणून मला ओट्यावर ठेवलं आणि निघून गेले.

मला आनंदानं नाचावंसं वाटलं. घरी आलो होतो! पण भागाबाईनं कपाळावर हात मारला. "अवो माय! त्यानं डाव साधला. उद्या तुह्या घरात शिक्का सापडंल आन् साहेब मनंल, तूच लावला. फेक त्याले हिरीत!"

पंचफुलानं मला उचललं. विहीर जवळच होती, दहा पावलं चालली असती की मी तळाला. मी जीव मुठीत धरला. "दौलतनं देला हाय तो," ती म्हणाली. "माह्यं नाव मीच कशी फेकू?" आणि ती रडली. नवरा गेल्यावर लोकांदेखत न रडलेली बाई भागाबाईसमोर ढसाढसा रडली.

डोळे पुसले आणि ती एकदम थांबली. "भागाबाई, तुहा शिक्का कोठी हाय?"

"माहा? पटवाऱ्याकडं. आखीन कोठी!"

हे म्हणून भागाबाईनं आ वासला तो तसाच राहिला. चंपतरावांनी शहाणपण केलं होतं, पण फक्त पंचफुलाचाच शिक्का परत केला होता.

दुसऱ्या दिवसापासून पंचफुला दारोदार फिरली. धोंडीबाला विचारलं, कौशल्याबाईला विचारलं, माळ्याच्या वाड्यात विचारलं, बुद्धवाड्यात विचारलं. "तुमचा शिक्का कोठी हाय?" सगळीकडे तेच उत्तर, अगदी सहज दिलेलं: पटवाऱ्याकडं, आखीन कोठी. धोंडीबा तर चिडला. "त्यायच्यावर इश्वास नाई का तुहा?"

"पटवारी हाये कोठी आता?" ती म्हणाली. "सरकारनं काढलं त्यायले. तुमचा शिक्का काऊन नाई काढला मंग?"

धोंडीबा पागोटं बांधायला लागला.

सोमवारी दोन बैलगाड्या भरून लोक मंडल ऑफिसात आले. साहेब तेलुगू, मराठी थोडी कळायची, बोलायचे हिंदीत. त्यांनी पावती पुढे केली. "अम्मा, सच बोलो. ये मोहर तुम्हारी है कि नहीं?"

भागाबाई मागून चिमटे काढत होती. पंचफुलानं कमरेच्या पिशवीतून मला काढलं आणि टेबलावर उभं केलं. "शिक्का माहाच हाय, साहेब. हात माहा नोहता."

मी तिथं उभा, आणि माझ्यावर सगळ्यांच्या नजरा. "मग हात कुणाचा?" असं साहेबांनी विचारताच मागून धोंडीबा पुढे आला. त्याच्यामागे कौशल्याबाई, भागाबाई, सगळेच. "आमचे शिक्के बी त्यायच्याकडंच हायत. आत्ता चला, दाखवतो."

साहेबांनी शिपाई आणि कारकून लोकांबरोबर धाडले. दुपार कलता कलता चंपतरावांच्या खुंटीवरचा बटवा टेबलावर उलटा झाला. घळघळ शिक्के पडले. माझे जुने सोबती! एकेक शिक्का कागदावर उमटवून पावत्यांशी ताडला, आणि धोंडीबाच्या नावानं तर पंचफुलाहून जास्त कापूस विकलेला निघाला. ज्याला विश्वासाची एवढी काळजी, त्या धोंडीबानं आपला शिक्का चटकन मुठीत घेतला. मग चौकशीत चंपतरावांनी आणि शेठनं एकमेकांकडे बोटं दाखवली. त्यांचं पुढे काय झालं ते कोर्टात चाललं, आणि कोर्टाचं काम तुम्हाला माहीतच आहे. पण पंचफुलाला त्याच दिवशी दाखला मिळाला. चंद्रभागा ट्रंक घेऊन वसतिगृहात गेली.

मला पंचफुलानं काळ्या दोऱ्यात ओवलं आणि गळ्यात घातलं. तेव्हापासून मी तिच्या लुगड्याच्या पदराआड राहिलो. निंदताना, वेचताना, झोपताना. तिच्या छातीचे ठोके माझ्या पितळेला लागायचे. चुळबुळ थांबली असं तुम्हाला वाटेल, पण नाही. बटव्याच्या आठवणीनं मी अधूनमधून शहारायचोच.

वर्षं गेली. चंद्रभागा शिकून शिक्षिका झाली. आदिलाबादजवळ मावल्यात खोली घेतली आणि आईला तिकडं नेलं. नव्वदीचा शेवट होता. दिल्लीत सरकारं सारखी बदलायची आणि दरवेळी नवं सरकार म्हटलं की टॅक्सचे नवे नियम. यंदा कोणती बचत धरतील, कोणती नाही, शिक्षकांच्या खोलीत फेब्रुवारीत दुसरं बोलणंच नाही. मग एक एजंट यायचा. "मॅडम, तुम्ही फक्त सह्या करा. बाकी मी भरतो." सगळेच करायचे. त्याला नाही म्हणणं म्हणजे अविश्वास दाखवणं!

एका संध्याकाळी चंद्रभागा कोरे फॉर्म पुढ्यात घेऊन सह्या करायला बसली. पंचफुला पोळ्या लाटत होती. तिनं विचारलं, "काय लिवलं हाय त्याच्यावर?"

"काही नाही माय. तो भरतो नंतर. आमच्या शाळेतले सगळे असंच करून राह्यले."

लाटणं थांबलं. पंचफुला उठली, हात पदराला पुसले आणि गळ्यातला दोरा काढला. दौलत गेल्यावर मी बटव्यात गेलो होतो, ती गोष्ट सोडली तर तिनं मला कधी दुसऱ्याच्या हाती दिलं नव्हतं. आता तिनं मला त्या कोऱ्या फॉर्मवर नेऊन ठेवलं.

"घे," ती म्हणाली. "तुही सही देऊनच राह्यली, तं माहा शिक्का बी दे त्याले. दोन्ही संगच जाऊ दे."

चंद्रभागा आधी हसली, "माय, हा टॅक्सचा कागद हाय, तसा नाही," असं काहीतरी म्हणू लागली. मग तिचं लक्ष माझ्यावरच्या उलट्या अक्षरांवर गेलं. सह्या झालेला एक कागद होता, तो तिनं फाडला. बाकीचे ओढून स्वतःच भरायला घेतले. खाडाखोड झाली, डोकं खाजवलं, दोनदा चिडली, शेजारच्या मास्तरांना जाऊन विचारून आली. पोळ्या गार झाल्या. शेवटच्या ओळीपर्यंत भरून झाल्यावर खाली तिनं सही केली, आणि वाचून दाखवली आईला: "चंद्रभागा दौलत."

पंचफुलानं मला पुन्हा गळ्यात घातलं. "आता जेव," ती म्हणाली.

मित्रांनो, तेव्हा मला तळहातावरच्या त्या पहिल्या ठशासारखं वाटलं. पण माझी चुळबुळ काही जात नाही, कारण मी तुम्हाला ओळखतो. सोय म्हणून, भीड म्हणून, चार लोक देतात म्हणून, तुम्हीही आपलं नाव कुणाकुणाकडे ठेवून दिलेलं असणार. तुमची सही, तुमचं कार्ड, तुमचं पासबुक आत्ता कुठं आहे? लगेच 'त्यांच्याकडं, आणखी कुठं' म्हणू नका. उठा आणि बघून या. तोवर मी इथंच आहे, पंचफुलाच्या गळ्यात.