ज्या दिवशी आकडा उतरला

मित्रांनो, मी एक जुना वीजमापक आहे. दाराबाहेरच्या पेटीतला मोठा मीटर तो मी नव्हे. तो वीज कंपनीचा. मी घरातला. मुख्य तारेभोवती माझी एक कडी अडकवलेली होती आणि न्हाणीघरासमोरच्या भिंतीवर माझा वीतभर पडदा होता. घर या क्षणी किती वीज ओढत आहे, तो आकडा मी दाखवत असे. का ओढत आहे, ते मला सांगता येत नसे. पुढे जे घडले त्यात माझा दोष किती, हे ऐकून तुम्हीच ठरवा.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांब टेबलावर झाला. जाड भिंगाचा चष्मा घातलेल्या एका बाईने माझे सांधे जोडले, साठ वॅटचा दिवा लावून पाहिला आणि माझ्या पडद्यावर साठ उमटताच "शहाणा आहेस" म्हणून मला खोक्यात ठेवले.

मी ज्या घरात आलो तिथे चौघे राहत. बाबा छापखान्यात मुद्रितशोधक होते. एक काना चुकला तरी त्यांना चैन पडत नसे. आई घरीच शिवणकाम करी. मुलगी सातवीत होती, आणि बाबांची थोरली बहीण, म्हणजे मुलीची आत्या, मागच्या खोलीत राहत असे. बाबांना लहानपणी तिनेच कडेवर खेळवले होते.

पहिले वर्ष माझ्या कौतुकाचे गेले. मुलीने एक वही केली. इस्त्री लावली की माझा आकडा कसा उडी मारतो, फ्रिजच्या दाराचे रबर बदलल्यावर तो किती खाली येतो, सगळे ती लिहून ठेवी. जुने दिवे गेले, नुसते लुकलुकत राहणारे टीव्हीचे बटण बंद होऊ लागले. घराचा वीजवापर जवळजवळ एक तृतीयांशाने घटला. पाहुणे आले की बाबा त्यांना आधी माझ्यासमोर उभे करत, मग बसायला सांगत.

दर रविवारी सकाळी बाबा घरातली सगळी बटणे बंद करत आणि फ्रिजचीही पिन काढत. तेव्हा माझ्या पडद्यावर पाच-सहा वॅट उरत. पण दुसऱ्या वर्षी एका रविवारी चाळीस उरले. पुढच्या रविवारी नव्वद. मग एकशे साठ.

"सगळं बंद आहे, मग हे खातंय कोण?" बाबा माझ्याकडे रोखून पाहत म्हणाले. त्यांनी खोल्या पालथ्या घातल्या. आत्याच्या कपाटात गुडघे शेकायची विजेची पिशवी सापडली.

"ताई, ही लपवून कशाला ठेवलीस?"

"लपवून? अरे, कपाटात ठेवली. गुडघ्यांना काय दारात वाळत घालू?"

"आकडा खोटं बोलत नाही, ताई."

"मग मी बोलते, असंच ना?"

आत्याने ती पिशवी त्यांच्या पुढ्यात टाकली. त्या दिवसापासून तिने आंघोळीला गिझरचे गरम पाणी घेणे सोडले. भाऊ समोर आला की ती दार लोटून घेई. पिशवी घरातून गेली, तरी माझा आकडा चढतच राहिला. मला ओरडून सांगावेसे वाटे, की ही बाई नव्हे. पण मला आकड्यांखेरीज भाषा नव्हती.

आणि मग एका शनिवारी दुपारी, कोणी कशालाही हात लावलेला नसताना, माझा आकडा दोनशेनी खाली आला.

बाबा खूश झाले. "बघ, सुटलो एकदाचे!"

मुलगी वही घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "बाबा, आपण बंद काय केलं?"

"काही नाही."

"मग कमी कसं झालं?"

"अगं, कमी झालं ना? मग बरंच झालं की."

तिला ते पटले नाही. आईच्या फोनवरून तिने ओळखीच्या वायरमनकाकांना विचारले. त्यांनी आकडा पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाले, "मी उद्या दहाला येतो. तोवर गिझर, नळ, लोखंडी काही, ओल्या हाताने शिवू नका. खरं तर मेन स्विचच पाड. कुठे आहे ठाऊक आहे ना?"

बाबा म्हणाले, "एका रात्रीसाठी फ्रिजमधलं सगळं नासवायचं? येतील की ते सकाळी."

मुलगी आत्याच्या दाराशी गेली. "आत्या, उद्या न्हाणीघरात जाऊ नकोस हं, विजेचं काहीतरी—"

"माझ्यापुढे विजेचं नाव काढू नका," आतून आवाज आला. "मी हात लावत नाही तुमच्या विजेला."

रविवारी आठ वाजता आत्या अनवाणी न्हाणीघरात शिरली. गार पाण्याचीच बादली भरायची होती. तिने नळाला हात लावला. माझा आकडा किंचित वर सरकला. केवळ अकरा वॅटनी, मित्रांनो. मी आयुष्यात दाखवलेली ती सर्वांत लहान वाढ असेल. मला फक्त बादली आपटल्याचा आवाज आला. माणसाचा आवाज आलाच नाही.

बाबा धावले. "बाबा, शिवू नका तिला!" मुलगी किंचाळली आणि उलट दिशेला, दाराजवळच्या मेन स्विचकडे पळाली. मग माझा पडदा विझला.

पुन्हा उजळलो तेव्हा दिवस कलला होता. वायरमनकाका खालच्या आवाजात बोलत होते. गिझर आतून गंजला होता. त्याचे बटणही चुकीच्या तारेवर बसवलेले, त्यामुळे बंद केला तरी त्यात वीज असेच. ती इतके महिने अर्थिंगच्या तारेतून जमिनीत गळत होती. माझा वाढता आकडा तो हाच. शनिवारी गंजलेली ती तार तुटली. "गळती थांबली नव्हती," ते म्हणाले. "जायला वाट उरली नव्हती. वीज नळापर्यंत येऊन थांबली होती."

आत्या वाचली. पंधरा दिवसांनी ती दवाखान्यातून घरी आली. उजव्या हाताची दोन बोटे मिटत नाहीत. बाबा तिच्या पायाशी बसले. तिने त्यांच्या डोक्यावर डावा हात ठेवला आणि विचारले, "आता किती आहे रे तुझा आकडा?" त्यावर ते लहान मुलासारखे रडले.

मित्रांनो, वीज जरूर वाचवा. माझ्यासारख्याला भिंतीवर जरूर लावा. पण आकडा वाढला म्हणून घरच्या माणसावर संशय घेण्याआधी जाणत्या वायरमनला बोलवा. आणि काहीही बंद न करता आकडा उतरला, तर आनंद मानू नका. मेन स्विच पाडा, आणि घरात जो कोणी तुमच्यावर रुसून दार लावून बसला असेल, त्याला ते दार उघडायला लावून आधी सांगा.