न झालेल्या भांडणाचे दोन नेते

आमच्या गल्लीत भांडण नव्हतं. ते तुम्ही कागदावर लावलंत, कारण तुम्हाला ते मिटवून दाखवायचं होतं. अध्यक्षसाहेब, हे मी तुमच्या तोंडावर बोललोय. तोंडी बोललेलं तुम्ही चहाबरोबर पिऊन टाकलंत, म्हणून आता लिहून देतो. तुमच्याही घरात मराठीच बोलतात. वाचायला जड गेलं तर कुणाकडून वाचून घ्या, पण घ्या.

मी सूर्यभान. गौलीगुड्यात, बस स्टँडच्या मागच्या गल्लीत राहतो. बाप नांदेडकडून या तेलुगू मुलखात आला, गोदामात हमाली केली. मी बँकेत अटेंडर आहे, म्हणजे शिपाई. बायको विमलाबाई शाळेत आया. पोरगी शिवानी, तेवीस वर्षांची, बी.कॉम. झालेली. आम्ही बौद्ध. समोरचं घर हिम्मतरावांचं. मराठे, मूळचे उदगीरकडचे. अफझलगंजला त्यांचं पोती-सुतळीचं दुकान आहे. त्यांची बायको जयवंताबाई, पोरगी स्वप्ना. स्वप्ना आणि शिवानी एका वयाच्या. शाळा एक, दिलसुखनगरचं कोचिंग एक, बस एक, डबासुद्धा एक. शिवानीला भेंडी आवडत नाही आणि स्वप्नाला आमच्या घरचं सुकट आवडतं, हे जयवंताबाईंना अजून माहीत नाही. आता कळेल.

हिम्मतरावांचा टेम्पो रोज सकाळी गल्ली अडवून उभा. माझी स्कूटर आत अडकलेली. रोजचं ठरलेलं:

"हिम्मतराव, गल्ली काय बापाची आहे?"

"बापाचीच आहे. माझ्या."

"मग बोलवा बापाला, टेम्पो हटवायला."

"तो वर गेलाय. तुला घाई आहे ना, तू जाऊन घेऊन ये."

याला तुमच्या कागदात 'तणाव' म्हटलंय. आम्ही याला सकाळ म्हणतो.

जात आमच्या गल्लीत नाही असं मी म्हणणार नाही. खोटं बोलायला मी काही तुमच्या समाजसेवेच्या क्लबचा मेंबर नाही. जयवंताबाईंच्या घरी विमलाबाईसाठी वेगळा कप होता. कडेला निळी रेघ असलेला. बारा वर्षं होता. विमलाबाई त्यातच चहा प्यायची आणि घरी येऊन माझ्यावर चिडायची. एक दिवस तो कप फुटला आणि जयवंताबाईंनी दुसरा आणला नाही. झालं, एवढंच. कुणी भाषण केलं नाही, कुणी रिबन कापली नाही. तुम्हाला आमच्या गल्लीतली शांतता बघायची होती तर ती तिथं होती, जयवंताबाईंच्या मोरीत फुटून पडलेली. पण ते तुम्ही विचारलंच नाहीत. तुम्ही काय विचारलंत?

मागच्या वर्षी जानेवारीत तुम्ही आलात. सोबत तुमचा सेक्रेटरी युवराज, हातात मोबाइल. गल्लीला पिण्याच्या पाण्याचा प्लांट द्यायचाय म्हणालात. आम्ही खुर्च्या काढल्या. हिम्मतरावांनी इराणी चहा मागवला, बिस्किटं मागवली. तुम्ही बिस्किट बुडवत विचारलंत, "इथं दोन समाज राहतात ना?"

"राहतात की," मी म्हणालो.

"कधी वाद वगैरे?"

हिम्मतराव मांडीवर थाप मारून म्हणाले, "वाद? रोजचाच हो! हा सूर्यभान माझा एक नंबरचा दुश्मन आहे. एक दिवस याचं डोकंच फोडणार आहे मी."

मी म्हणालो, "डोकं फोडायला आधी हात वर गेला पाहिजे. यांचा खांदा धरलाय दोन वर्षं."

सगळे हसले. अध्यक्षसाहेब, तुम्ही सगळ्यांत आधी हसलात. तुमच्या शर्टावर चहा सांडला, स्वप्नानं रुमाल आणून दिला. युवराज तेलुगू माणूस, त्याला मराठी विनोद कळला नसेल, त्याला मी माफ करतो. तो मान खाली घालून मोबाइलवर लिहीत होता. पण तुम्हाला कळला होता. तुम्ही हसलात आणि नंतर तेच वाक्य साक्ष म्हणून वापरलंत.

मग तुमचा तो शांतता पंधरवडा. गल्लीच्या तोंडाशी मंडप, पांढरी फुलं, इंग्रजी-तेलुगूत बॅनर. पोलीस ठाण्याचे त्या वेळचे साहेब पाहुणे. तुम्ही म्हणालात, म्हाताऱ्यांचा फोटो काय घ्यायचा, तरुण पोरी पुढं करा. शिवानी इकडून, स्वप्ना तिकडून, मध्ये कुंडीतलं रोप, हातात हात. दोघींना हसू आवरेना. फोटोग्राफर ओरडला, "अब्बी हसो नक्को मॅडम! हात मिलाए बाद हसो!" तीनदा फोटो काढला. चौथ्यांदा दोघी दात आवळून उभ्या राहिल्या, तो फोटो तुम्हाला पसंत पडला. मग कागदावर सह्या. शिवानीनं विचारलं, "सर, ये क्या है?" युवराज म्हणाला, "प्लांट का है अम्मा, रिसीव किए बोलके." सहीचा चौकोन तेवढा वर, बाकीचा कागद त्याच्या हाताखाली. शिवानीनं सही केली, स्वप्नानं केली.

प्लांट आला. पाणी चांगलं आहे, तेही लिहितो. जयवंताबाईंना मुतखड्याचा त्रास. दोनदा ऑपरेशन झालं. त्या पाण्यावर आल्यापासून वर्षभरात दुखलं नाही. हिम्मतराव रोज संध्याकाळी स्वतः दोन कॅन भरून नेतात.

आता या वर्षाचं ऐका. विमानतळावर एका कंपनीत शिवानीची निवड झाली. काउंटरवरची नोकरी. दोन परीक्षा, तीन इंटरव्ह्यू. आमच्या घरात पहिली पगाराची चिठ्ठी अशी येणार होती जिच्यासाठी कुणाला कुणाचा चहा आणून द्यावा लागणार नव्हता. फक्त पोलिसांचा वर्तणुकीचा दाखला बाकी होता. महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत दाखला, नाहीतर यादीतली पुढची पोरगी.

दाखला आला नाही. ठाण्यात गेलो. मी, शिवानी, आणि तिच्या कामावर रजा टाकून आलेली स्वप्ना. मागचे साहेब बदलून गेलेले. नव्या साहेबांनी फाइल काढली, शिवानीकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तू है क्या लीडर?"

"कशाची?" शिवानी मराठीतच बोलून गेली.

त्यांनी कागद फिरवून समोर टाकला. तुमच्या क्लबचा अहवाल, तुमची सही, तुमचा शिक्का. ठाण्याला माहितीसाठी प्रत, सप्रेम. शिवानी इंग्रजी वाचत गेली आणि आम्हाला मराठीत सांगत गेली. या वस्तीत बौद्ध आणि मराठा गटांत वारंवार दगडफेक. चार जखमी. बायकापोरं संध्याकाळी बाहेर पडत नाहीत. क्लबच्या प्रयत्नानं दोन्ही गटांच्या नेत्यांनी शस्त्र खाली ठेवायचं कबूल केलं. गट अ, नेता: शिवानी सूर्यभान. गट ब, नेता: स्वप्ना हिम्मतराव. खाली दोघींच्या सह्या.

स्वप्ना म्हणाली, "साब, गट ब मैं हूँ. हमारा झगडा हुआच नहीं. हम दोनों बचपन से साथ में हैं."

साहेब हसले. "लीडर लोगां ऐसाच बोलते अम्मा. झगडा नहीं हुआ तो जिसने लिखा, उससे लिखवा के लाओ. मैं आज दस्तखत करता."

सरळ माणूस होता. त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्यासमोर कागद होता आणि कागदावर तुम्ही होता.

त्याच दिवशी स्वप्नानं साध्या कागदावर लिहिलं की असं काही झालं नाही, आणि सही केली. मी गल्लीत फिरलो. बावीस घरं. सगळ्यांनी ऐकलं, सगळे चुकचुकले. "बिचारी पोर." "काय हो हे." आणि सही? "बघू, उद्या येऊन करतो." शेवटी कोपऱ्यावरच्या घरातले एकनाथराव म्हणाले, "सूर्यभान, राग मानू नको. प्लांट भांडणाच्या नावावर आलाय म्हणतात. भांडण नव्हतं म्हणून आपणच लिहून दिलं, तर प्लांट राहील का?"

बावीस घरांत एक सही, तीसुद्धा गट ब च्या नेत्याची.

मी हिम्मतरावांकडं गेलो. ते सही करायला पेन शोधायला लागले. खरं सांगतो, शोधायला लागले. मग थांबून म्हणाले, "कागद कशाला? आपण सगळेच जाऊ की अध्यक्षांकडं. माझ्या तोंडातून ऐकू दे त्यांना. जोक मी केला, मीच निस्तरतो."

रविवारी तुमची सभा हॉटेलात होती. मी, हिम्मतराव आणि दोघी पोरी, आम्ही चौघं बाहेर दीड तास बसलो. आतून टाळ्या ऐकू येत होत्या. मग तुम्ही आम्हाला एका बाजूच्या टेबलाशी बोलावलंत. मी सगळं सांगितलं. तुम्ही मान हलवत होतात, जशी तुम्ही प्रत्येक गोष्टीला हलवता.

"सूर्यभानजी, इमोशनल होऊ नका. या प्रोजेक्टला वरून पुरस्कार मिळालाय. आता आम्ही कसं लिहायचं की भांडण नव्हतं? क्लबची इज्जत काय राहील?"

"आणि माझ्या पोरीची?"

"तिला मी पत्र देतो ना! फर्स्ट क्लास पत्र. लिहितो की ही मुलगी आता शांततेच्या मार्गावर आहे."

शिवानी म्हणाली, "आता? आधी मी सिटी बसमध्ये होते, सर. कोचिंगला जात होते."

तुम्ही तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. हिम्मतरावांकडं वळलात. आवाज खाली आणलात, घरच्या माणसासारखा. "हिम्मतराव, तुम्ही व्यवहारातले आहात. प्लांट तणावाच्या वस्तीसाठी होता. तणाव नव्हताच असं ठरलं, तर मला तो उचलून दुसरीकडं द्यावा लागेल. वहिनींची तब्येत कशी आहे आता?"

वहिनींची तब्येत तुम्हाला माहीत होती. तुमच्या अहवालात जयवंताबाईंचा फोटो आहे, ग्लास हातात घेतलेला. ठाण्यात बघितला मी.

हिम्मतराव खाली बघत राहिले. मला वाटलं ते शब्द जुळवतायत. जुळवतच होते.

"तसं... थोडंफार होतं, साहेब," ते म्हणाले. "टेम्पोवरून व्हायचं."

"दगडफेक?"

"दगड... एखाद्या पोरानं मारला असेल कधी. कोण लक्षात ठेवतं."

"पप्पा!" स्वप्ना ओरडली. पूर्ण हॉटेल वळून बघायला लागलं.

तुम्ही हात जोडलेत. "बघा, म्हणूनच म्हणतो, जुन्या गोष्टी उकरू नयेत. शांतता मोठ्या मुश्किलीनं येते." आणि वेटरला सांगितलंत, यांना चहा द्या.

मी तिथं काय बोललो ते तुमच्या मेंबरांनी ऐकलंय. त्या शिव्या मी परत घेत नाही.

ऑटोत हिम्मतराव बसले नाहीत. चालत गेले. स्वप्ना आमच्या ऑटोत होती. गल्लीच्या तोंडाशी स्वप्ना उतरली आणि शिवानीला म्हणाली, "तू माझ्यावर पण चिडलीस ना?" शिवानी म्हणाली, "माहीत नाही." दोघींच्या वीस वर्षांत 'माहीत नाही' हे उत्तर मी पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी हिम्मतराव दारात आले. "सूर्यभान, तिला मी मरू देऊ का रे?" माझी पोरगी आणि त्यांची बायको एका तराजूत तुम्ही घातलीत, आणि वजन बघायला मला उभं केलंत. विमलाबाई पुढं झाली. तिनं त्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि दार लावलं. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या प्लांटचं पाणी येत नाही. ती बस स्टँडच्या नळावरून घागर आणते. दुखतो गुडघा, पण आणते. समोरच्या घरातून कुणी बोलत नाही, आम्ही बोलत नाही. परवा गल्लीत दोन पोरांची क्रिकेटवरून बाचाबाची झाली, तर एकाची आई दुसऱ्याला त्याची जात काढून बोलली. असं या गल्लीत मी जन्मात ऐकलं नव्हतं.

तुमचा अहवाल आता खरा व्हायला लागलाय. अभिनंदन.

आज दहा तारीख. शिवानी रोज सकाळी उठून तयार होते, केस बांधते आणि बसून राहते. कंपनीचा एकदा फोन आला. ती म्हणाली, प्रोसेसमध्ये आहे. पाच दिवस उरलेत. मला तुमचं शांततेच्या मार्गाचं पत्र नको. मला पुरस्कार परत करवायचा नाही, तो तुमच्या भिंतीवर लटकू दे. मला प्लांटही हलवायचा नाही. जयवंताबाईंनी शंभर वर्षं पाणी प्यावं.

मला एकच गोष्ट पाहिजे. तुम्ही लिहिलंत, चार जखमी. चार माणसं म्हणजे चार डोकी, चार दवाखाने, चार आया रडणाऱ्या. या गल्लीत मी जन्मलो, मला एकही ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक असणार, त्याशिवाय तुम्ही सही कशी केली असती? तर त्यातल्या एकाचं नाव सांगा. चारांचं राहू दे, एकाचं. त्याला कुठं लागलं, टाके किती पडले, माझ्या शिवानीनं दगड कुठल्या हातानं मारला? आणि सांगता येत नसेल, तर उद्या सकाळी अकरा वाजता ठाण्यात या आणि साहेबांसमोर लिहून द्या की हे सगळं आम्ही रचलं. मी साडेदहापासून तिथं बाकावर बसलेला असेन.

नाव आणताय की कागद? बोला.