उंबऱ्यात राजे बसले

नीज रे माझ्या बाळा, उंबऱ्यात मी बसले,
घरात नाही कुणी म्हणत भुकेला गं फसवले.

आवाज काही गोड नव्हता. धुरानं घोगरा झालेला, मधूनच खोकल्यात अडकणारा. पण पन्नाशी उलटलेल्या राजकवीला आजही डोळा लागताना तोच ऐकू यायचा. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि ताई अकराची. ताई आपल्या वाट्याची भाकर त्याला भरवायची, वर हे गाणं गायची. त्याला खरंच वाटायचं, की भूक नावाची कुणी बाई दाराशी येते आणि ताई तिला थाप मारून परत पाठवते. ताईच्या पोटात तीच बाई मुक्कामाला आहे, हे कळायला त्याला फार वर्षं लागली.

पुढे त्याच्या शब्दांनी त्याला दरबारात नेलं. ताई लग्न होऊन पाच दिवसांच्या वाटेवरच्या खेड्यात गेली.

मग तो दुष्काळ आला. कोठारं भरलेली होती, पण फौजेसाठी राखून ठेवलेली. वेशीवर लोक जमू लागले. दिवाणजी कवीकडे आले, म्हणाले, "कविराज, धान्य देता येत नाही, गाणं तरी द्या. महाराज प्रजेसाठी जागतात असं काहीतरी. परवा चौकाचौकांत गेलं पाहिजे."

दोन दिवस कवीला ओळ सुचेना. तिसऱ्या पहाटे सुचली ती ताईची. त्यानं दोन-चार शब्द बदलले. 'बाळा'ची 'रयत' केली, 'मी'च्या जागी 'राजे' बसवले.

उंबऱ्यात राजे बसले, भुकेला त्यांनी फसवले.

चौकाचौकांत लोक ऐकून रडले आणि रिकाम्या पिशव्या घेऊन घरी गेले. जे काम हजार भाल्यांना जमलं नसतं, ते एका अंगाईनं केलं. महाराजांना त्या दिवसापासून 'उंबऱ्यातले राजे' म्हणू लागले. कवीच्या अंगावर मानाचा झगा आला. त्याच महिन्यात निरोप आला, ताई गेली. उपाशी. मागे आठ वर्षांची लेक.

भाचीला त्यानं आणलं, वाढवलं, राजवाड्याच्या धोबीघरात कामाला लावलं. ती दर थोड्या दिवसांनी विचारायची, "मामा, ते गाणं आईनंच केलं होतं ना? माझ्याकडे तिचं तेवढंच आहे."

"अगं, त्या वेळी सगळेच गात होते," तो म्हणायचा, आणि पागोट्याची घडी नीट करायला लागायचा.

आज ती वीस वर्षांची पोर दरबारात उभी होती. इस्त्रीवालीचं तान्हं निजवताना ती आईच्या शब्दांत गायली, आणि धोबीघराच्या मुकादमानं चुगली केली : महाराजांच्या गीतातून ही महाराजांनाच गाळते. गुन्हा सिद्ध झाला तर हद्दपारी.

आत जाण्याआधी दिवाणजींनी कवीला खांबाआड घेतलं होतं. "तुमची भाची म्हणून सांगतो. तिला बजावून ठेवलंय, विचारलं की 'चुकले' म्हणायचं; तुम्हाला विचारलं की तुम्ही 'महाराजांचंच' म्हणायचं. जेवायच्या आत सगळे आपापल्या घरी. नाहीतर हात दाखवून अवलक्षण! आणि बोलून फायदा काय? मेलेल्या बाईला काय झगा चढवणार आहात?"

कवी हसला. दरबारात दिवाणजींच्या विनोदाला हसायचंच असतं.

"कविराज, गीत कुणाचं?" भर सभेत प्रश्न आला.

भाची त्याच्याकडे बघत होती. हातांवर साबणाच्या भेगा, डोळे थेट ताईचे. त्या डोळ्यांत भीती नव्हती. उत्तराची वाट पाहणं होतं, बारा वर्षांचं.

"महाराजांचंच," तो म्हणाला.

तिनं मान खाली घातली. मुकादमानं खाकरून आठवण करून दिली, तेव्हा म्हणाली, "चुकले, सरकार. आईनं कुठूनतरी ऐकलं असेल. अडाणी बाई ती. तिला कुठलं सुचायला?"

सभेनं सुटकेचा श्वास घेतला. महाराज प्रसन्न हसले. "पोर आहे, सोडून द्या. कविराज, तुम्हीच एकदा गाऊन दाखवा तिला, नीट शिकू दे." कुणीतरी 'वाहवा' म्हणालंसुद्धा, गाणं सुरू व्हायच्या आधीच. राजा बोले, दळ हाले.

पोर सुटली होती. वाचली होती. कवीला आता फक्त गायचं होतं. त्यानं तोंड उघडलं, पण कानात भाचीचंच वाक्य घुमत होतं. तिला कुठलं सुचायला? ताईला एकदा भुकेनं मारलं होतं. आज तिच्या लेकीच्या तोंडून तिला दुसऱ्यांदा मारलं, आणि मारणारा हाच, तिच्या वाट्याची भाकर खाऊन वाढलेला.

तो वळला. सिंहासनाकडे पाठ करायची नसते. तीस वर्षांत त्यानं ती कधी केली नव्हती. दिवाणजी दबक्या आवाजात म्हणाले, "कविराज, अहो, इकडे बघा!"

तो भाचीसमोर जाऊन उभा राहिला.

"तिलाच सुचलं होतं, बाळ," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मला निजवताना, अकराव्या वर्षी, उपाशी पोटी. राजे कुठल्याच उंबऱ्यात बसले नव्हते, कोठारांना कुलपं होती. तुझी आई मरत होती, तेव्हा तिचं गाणं चोरून मी यांना दिलं. मी दिलं."