वेशीजवळचा आड

माघ सरता सरता वेशीजवळच्या आडाचं पाणी चहाच्या रंगाचं झालं. आधी नुसता आंबूस वास यायचा, म्हणून बायका पाणी उकळून घ्यायच्या. मग डाळ शिजेनाशी झाली, हंड्याच्या तळाशी तपकिरी साका बसू लागला आणि लहान पोरांच्या अंगावर पुरळ उठलं. हे एकोणीसशे शहाण्णव साल होतं.

कारण शोधायला लांब जावं लागत नव्हतं. गावाच्या वरच्या अंगाला दोन मैलांवर साखर कारखाना होता. त्याच्या मागं तीन वर्षांपूर्वी डिस्टिलरी उभी राहिली होती. मळीचा अर्क काढून झाला की जे काळं पाणी उरायचं, ते साठवायला कारखान्यानं माळावर तीन तळी खोदली होती. ते पाणी तळ्यांतून जमिनीत मुरत होतं आणि ओढ्याच्या बाजूनं आडाच्या झऱ्याला येऊन मिळत होतं.

विमलबाईच्या घरी मात्र पाणी पहिल्यासारखंच होतं. ती ओढ्यापलीकडच्या बौद्धवस्तीत राहायची आणि वस्तीला स्वतःची विहीर होती. छप्पन्न साली दीक्षा घेतल्यावर पुढच्या दोन वर्षांत अकरा घरांनी मिळून ती कातळात खोदली होती. सुरुंगाला पैसा नव्हता, म्हणून बराचसा खडक पहारीनं आणि घणानंच फोडला. तिचा सासरा त्या कामात पुढं होता. झरा टेकडीकडून येत असल्यानं कारखान्याचं पाणी अजून तिथवर पोचलं नव्हतं. विमलबाई नवी नवरी म्हणून आली तेव्हा विहीर तुडुंब होती. त्यामुळं तीस वर्षांत वेशीजवळच्या आडाची पायरी तिनं कधी चढलीच नाही. अलीकडं कुणी अडवलं असतं असंही नाही. पण गरज पडली नव्हती, आणि गरज नसताना तिथं जाऊन बघावं असं तिला वाटलं नव्हतं.

एका सकाळी ती पाणी शेंदत होती. मागं वळून पाहिलं तर बाभळीखाली गावातली रंगुबाई उभी. साठीला टेकलेली, डोक्यावरचा पदर नीट, काखेत रिकामा हंडा.

"विमल, पानी मिळंल का गं?"

"मिळंल की."

पण रंगुबाई पुढं येईना. कठड्यापासून दहा पावलांवर हंडा घेऊन ती तशीच उभी राहिली. कुणी वाढेल म्हणून ती थांबली आहे की पुढं यावं की नाही हे तिला कळत नाही, ते विमलबाईला उमगेना. तिनं आपले दोन्ही हंडे सावकाश भरले. तेवढा वेळ तिनं रंगुबाईला उभं राहू दिलं. त्यात तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची थोडी लाजही वाटली. मग तिनं दोर रंगुबाईच्या हातात दिला.

"घ्या भरून. कप्पी जरा कुरकुरती, भ्यायचं न्हाई."

आठवड्याभरात अर्धं गाव ओढा ओलांडून येऊ लागलं. तेव्हा वस्तीनं समाजमंदिरात बैठक घेतली. बी.ए. झालेला प्रवीण म्हणाला, "पाणी द्यायचं. पण दोर त्यांच्या हातात द्यायचा नाही. आपण वाढायचं, त्यांनी लांबून घ्यायचं. चार दिवस कळू दे त्यांना."

त्याचं म्हणणं चूक आहे असं तोंडावर सांगणं सोपं नव्हतं. शेवटी विमलबाई म्हणाली, "वाढायला दिवसभर उभं कोन ऱ्हानार? मी न्हाई ऱ्हायची. मला खुरपायला जायचंय."

लोक हसले आणि तो विषय तिथंच मिटला.

सरपंच मच्छिंद्रनं कारखान्याविरुद्ध अर्ज केला होता. दीड महिन्यानं नगरहून पाणी तपासणारे साहेब जीप घेऊन आले. सरपंचाला गुरुवार सांगितला होता, जीप बुधवारी आली. मच्छिंद्र त्या दिवशी जामखेडला लग्नाला गेला होता. साहेबांबरोबर वाट दाखवायला कारखान्याचे केमिस्ट होते. त्यांनी जीप सरळ वस्तीच्या विहिरीवर आणली.

विहिरीवर पंधरा-वीस बायका होत्या, गावातल्या आणि वस्तीतल्या. साहेबांनी विचारलं, "गाव सध्या कुठलं पाणी पितं?"

"हेच," सगळ्या म्हणाल्या.

"मग पिण्याच्या पाण्याची विहीर ही." साहेबांनी वहीत लिहिलं, पोहऱ्यातलं पाणी काचेच्या बाटलीत भरलं आणि बाटली उजेडात धरली. पाणी स्वच्छ होतं.

केमिस्ट म्हणाले, "बघा साहेब. लोक उगाच कांगावा करतात."

रंगुबाई म्हणाली, "आवं, खराब पानी वेशीजवळ हाय. तिकडं चला." तिच्याकडं कुणी पाहिलं नाही. साहेब बाटलीवर चिठ्ठी चिकटवत होते.

विमलबाईच्या ध्यानात आलं, की आपल्या सासऱ्यानं घाम गाळून काढलेलं हे पाणी आता कारखान्याच्या बाजूनं साक्ष देणार. रिपोर्टमध्ये येईल की गावाला पाणी चांगलं आहे, आणि काळी तळी तशीच राहतील.

"सायेब," ती म्हणाली, "वेशीजवळच्या आडाचं बी पानी घ्या की."

"बाई, वापरात असलेल्या विहिरीचाच नमुना घ्यायचा असतो. तो आड तर बंद आहे."

"बंद कुनी केला? पानी नासलं म्हनून लोक जाईनात."

"तेच म्हणतोय मी. वापरात नाही."

विमलबाईनं दोर गुंडाळून खांद्यावर टाकला, पोहरा हातात घेतला आणि हंडा उचलला.

"मी जाते भरायला. मानूस पानी भरतंय म्हंजी वापरात हाय, का न्हाई?"

साहेबांनी तिच्याकडं पाहिलं, मग केमिस्टकडं. केमिस्टनी घड्याळ बघितलं. साहेब दुसरी बाटली घेऊन तिच्यामागं चालू लागले आणि त्यांच्यामागं बायका निघाल्या.

आडाला तीन दगडी पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीशी तिचं पाऊल अडखळलं. कुणी काही बोललं नव्हतं. रंगुबाई तर बाजूला सरून उभी होती. तरी तिला वाटलं, आता मागून कुणीतरी हाक मारील. तशी हाक आली नाही. ती वर चढली, कप्पीवर दोर टाकला आणि पोहरा सोडला. वर आला तो तपकिरी फेस घेऊनच. वासानं साहेबांनी रुमाल नाकाला लावला.

केमिस्ट म्हणाले, "पालापाचोळा कुजला असेल."

"पाला कुठाय?" साहेब म्हणाले. आडावर झाडाची एक फांदीसुद्धा नव्हती. त्यांनी बाटली भरली आणि वही उघडली. "नमुना काढून देणाऱ्याचं नाव?"

"विमल."

"पूर्ण नाव सांगा."

केमिस्ट वाकून बघत होते. तिचा नवरा सहादू बारा वर्षं कारखान्यात कामाला होता, सध्या डिस्टिलरीच्या बॉयलरवर. हे नाव आपण घेतलं की संध्याकाळच्या आत ऑफिसात पोचणार, हे तिला कळत होतं.

"विमल सहादू साळवे," ती म्हणाली आणि दाखवलेल्या जागी सही केली.

सहादू कामावरून आला तो हातपाय धुऊन बसला. तिनं भाकरी वाढली. अर्धी भाकरी खाऊन झाल्यावर तो म्हणाला, "माजं नाव सांगितलंस म्हनं."

"इचारलं त्यांनी."

"व्हय, इचारनारच की ते." तो पुन्हा जेवू लागला. तिला वाटलं, आता रागवेल. पण त्यानं विचारलं, "तळ्यांचं काय लिवलं का त्या कागदात?"

"काय लिवायचं?"

"खोदताना मी हुतो तिथं. खाली मुरूमच हाय नुसता, दुसरं कायबी टाकलं न्हाई. हापिसातल्या कागदावर मात्र अस्तर केल्याचं लिवलंय."

"मंग तुमी आजवर बोलला का न्हाई?"

"आपल्या हिरीला काय झालं न्हवतं," सहादू म्हणाला, आणि उरलेली भाकरी त्यानं तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो मच्छिंद्रकडं गेला आणि जे पाहिलं होतं ते त्यानं लिहून दिलं. पंधरा दिवसांत त्याला बॉयलरवरून काढून गव्हाणीवर, उसाच्या मोळ्या ओढायला टाकलं. पन्नाशीच्या माणसाला ते काम जड होतं. त्यानं ते केलं.

रिपोर्ट यायला पावसाळा उजाडला. आडाचं पाणी पिण्यालायक नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. सहादूच्या जबाबामुळं तळी उकरून बघितली गेली. डिस्टिलरी चार महिने बंद राहिली. मग दोन तळ्यांना अस्तर झालं आणि तिसरं बुजवलं.

पण जे मुरलं होतं ते जमिनीतच होतं. पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी विमलबाईनं पोहरा वर काढला आणि तिला तो वास आला. तिनं पाणी ओतून दिलं, पुन्हा शेंदलं, पुन्हा वास घेतला. मग ती कठड्यावरच बसली. सासऱ्याच्या मातीलाही ती एवढी रडली नव्हती.

दुपारी रंगुबाई तिच्या घरी आली. हातात हंडा नव्हता. सुतकाच्या घरी बसतात तशी ती विमलबाईच्या शेजारी भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, "तुज्या सासूला मीच पानी वाढायची. नवी हुते तवा. वरनं वतायची, लांबून."

"ठावं हाय मला."

"साळूबाई सांगायची का?"

"सांगायची."

"काय म्हनायची?"

विमलबाईनं नाक पुसलं. "म्हनायची, रंगू सांडत न्हाई. बाकीच्या सांडायच्या."

उन्हं कलेपर्यंत दोघी तिथंच बसून राहिल्या.

त्यानंतर अडीच वर्षं गाव आणि वस्ती एकाच टँकरवर पाणी भरत होती. तिथं भांडणं झाली, हंडे चेपले. सहादूनं पाठीमुळं काम सोडलं. नव्व्याण्णवच्या हिवाळ्यात धरणावरून नळ आला, एक तोटी वेशीत आणि एक वस्तीत. त्या नळालाही दिवसाआड तासभरच पाणी असतं.