कॅलेंडरमागच्या अकरा ओळी

मित्रांनो, पहाडगंजातल्या तुमच्या मराठी शाळेत जिन्याखाली एक निळा पत्र्याचा फलक आहे ना, एक कोपरा दुमडलेला? तो मी. तुम्ही रोज माझ्यासमोरून धडाधड धावत जाता. आज जरा थांबा. मी आता म्हातारा झालो आहे आणि म्हाताऱ्यांना बोलायची भारी हौस असते.

माझा जन्म इथून दोन गल्ल्या पलीकडे, श्याम पेंटरच्या दुकानात झाला. त्याने पत्रा घासला, निळा रंग दिला आणि पांढऱ्या अक्षरांत हिंदीत अकरा ओळी लिहिल्या. पोलीस एखाद्याला पकडतात किंवा चौकशीला बोलावतात तेव्हा त्याचे हक्क काय, हे त्या ओळींत होतं. का पकडलं ते सांगितलं पाहिजे. घरच्यांना कळवलं पाहिजे. चोवीस तासांच्या आत न्यायाधीशासमोर नेलं पाहिजे. वकिलाला भेटू दिलं पाहिजे. शेवटच्या ओळीत फुकट वकील मिळवून देणाऱ्या कार्यालयाचा फोन नंबर होता. काम संपल्यावर श्याम दोन पावलं मागे गेला आणि म्हणाला, "वाह बेटा, तू तो कानून बन गया." खोटं कशाला सांगू, त्या दिवसापासून मी थोडा शेफारलो.

मला शहराच्या एका टोकाच्या पोलीस ठाण्यात लावलं. मोठे साहेब आले, माझ्याशेजारी उभे राहून त्यांनी फोटो काढून घेतले. सगळे म्हणाले, बहुत बढ़िया. पण माझ्या डोक्यावर एक खिळा होता आणि त्या खिळ्यानेच माझा घात केला. जानेवारीत मिठाईवाल्याने कॅलेंडर दिलं, ते कुणीतरी तिथे अडकवलं. पुढच्या जानेवारीत नवं आलं, ते जुन्याच्या वरच. अशी बारा वर्षं गेली. माझा फक्त खालचा कोपरा तेवढा बाहेर डोकावत राहिला.

त्या काळातली एक गोष्ट मला अजून टोचते. एका सोसायटीतली पाण्याची मोटर चोरीला गेली होती आणि तिथल्या माळ्याला आणलं होतं. त्याला एका कागदावर अंगठा लावायला सांगितलं. त्याने विचारलं, "इसमें क्या लिखा है?" कुणी उत्तर दिलं नाही. त्याने अंगठा लावला आणि जांभळी शाई पुसायला जागा शोधत माझ्याच कोपऱ्यावर बोट घासलं. त्याला वाचता येत नव्हतं, त्यामुळे मी उघडा असतो तरी काही उपयोग झाला नसता, असं मी स्वतःला समजावतो. समजूत पटत नाही. त्या माणसाला घेऊन गेले, तो पुन्हा मला दिसला नाही.

मग दोन वर्षांपूर्वी एप्रिलमधल्या एका दुपारी काशीनाथराव आले. मूळचे यवतमाळकडचे, दिल्लीत एका मंत्रालयात पस्तीस वर्षं फायली सांभाळून निवृत्त झालेले. द्वारकेत राहत होते. सोबत त्यांचा मुलगा सिद्धांत. तो एका खाजगी कंपनीत होता. तिथल्या कपाटातून दोन लॅपटॉप गायब झाले होते आणि कपाटाची किल्ली सिद्धांतकडे होती. त्यात त्याला नुकतंच सरकारी नोकरीचं पत्र आलं होतं. फक्त पोलीस पडताळणी व्हायची बाकी होती. त्या एका पत्रासाठी पोराने चार वर्षं अभ्यास केला होता.

चौकशी करणारे ठाण्यातले डबास साहेब माणूस वाईट नव्हते, पण थकलेले होते आणि त्यांच्या टेबलावर आणखी तीन भानगडी पडल्या होत्या. त्यांनी भराभर एक कागद लिहिला. लॅपटॉप मीच उचलले, चूक झाली, परत करतो, असा त्यातला मजकूर. "साइन कर दो बेटा, बात यहीं खत्म. तुम्हारा करियर बच जाएगा."

सिद्धांत हळूच म्हणाला, "पप्पा, मी घेतलेच नाहीयेत. मग असं कसं लिहून देऊ?"

"अरे, साहेब आपल्याला मदतच करतायत. करून टाक सही. आत्ता वाद नको." असं म्हणून काशीनाथरावांनी खिशातलं स्वतःचं पेन त्याच्या हातात दिलं.

मित्रांनो, तो बाप घाबरला होता. पस्तीस वर्षं सरकारने पुढे केलेल्या कागदावर सही करायची त्यांना सवय लागली होती. सही झाली की काम संपलं, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि त्यांना काय खटकलं असेल? "साहब, इसमें डेट नहीं डाली."

"डाल लीजिए ना, बाबूजी."

तारीख बघायला ते उठून कॅलेंडरपाशी आले. पान मार्चचं. महिना उलटला तरी पान उलटलेलं नाही, हे त्या जुन्या कारकुनाला बघवेना. त्यांनी कॅलेंडर उचललं तर खाली मागचं वर्ष, त्याखाली त्याच्या मागचं. "काय हा गबाळा कारभार," असं पुटपुटत त्यांनी अख्खा गठ्ठाच खिळ्यावरून उतरवला. बारा वर्षांनी माझ्या तोंडावर उजेड पडला.

ते वाचू लागले. लिहिलेलं दिसलं की पहिल्या ओळीपासून वाचायचं, ही त्यांची खोड. सातव्या ओळीला ते अडखळले. 'किसी को भी अपने ही खिलाफ गवाही देने के लिए मजबूर नहीं किया जाएगा.' आठव्या ओळीला त्यांचे ओठ थांबले. 'पुलिस को दिए बयान पर दस्तखत करना जरूरी नहीं.' त्यांनी पुन्हा वरपासून वाचलं. इतकं मन लावून मला कधीच कुणी वाचलं नव्हतं. मला रडू आलं असतं, पण पत्र्याला ती सोय नाही.

काशीनाथराव वळले. "साहब, ये बोर्ड किसने लगवाया?"

"ऊपर से आया था. बहुत पुराना है."

"पुराना है, मगर रद्द हुआ है क्या? रद्द होने का कोई ऑर्डर?"

डबास साहेबांनी पेन खाली ठेवलं. "नहीं जी. रद्द तो नहीं हुआ."

"फिर तो लागू है. लिखित आदेश के खिलाफ मैं साइन नहीं करवा सकता, साहब. पैंतीस साल में कभी नहीं किया."

आवाज चढवला नाही, टेबलावर हात आपटला नाही. त्यांनी फक्त मुलाच्या बोटांतून पेन काढून घेतलं आणि त्याला टोपण लावलं. मग माझ्या शेवटच्या ओळीतला नंबर फिरवला. दीड तासात विजयालक्ष्मी नावाच्या वकीलबाई आल्या आणि सिद्धांतच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. सिद्धांतने जे घडलं तेवढंच सांगितलं. उन्हं उतरायच्या आत बापलेक घरी गेले. तीन आठवड्यांनी लॅपटॉप सापडले. कंपनीनेच ते दुरुस्तीला पाठवले होते आणि नोंद करायचं राहिलं होतं. माफी कुणी मागितली नाही. पण सिद्धांतला नोकरी मिळाली.

पुढे ठाण्यात नवा चकचकीत फलक आला आणि मी भंगारात निघालो. चौकशीच्या वेळी जमा करून घेतलेला सिद्धांतचा फोन परत न्यायला काशीनाथराव आले होते, त्यांनी मला ओळखलं. डबास साहेब म्हणाले, "कबाड़ है बाबूजी, ले जाइए." पण काशीनाथराव कसले ऐकतात! अर्ज लिहिला, त्यावर परवानगी घेतली, पोच घेतली आणि मगच मला रिक्षात घातलं.

त्यांच्या घरी मी मराठी बोलायला शिकलो. दरवर्षी सव्वीस नोव्हेंबरला ते संविधानाची उद्देशिका मोठ्याने वाचत, त्यांच्या पत्नी शीलाताई आणि सिद्धांत मागे म्हणत. माझी सातवी ओळ ज्यातून आली, त्या विसाव्या कलमापर्यंत ते कधी पोचलेच नव्हते. एका संध्याकाळी मला पुसता पुसता ते म्हणाले, "सिद्धांत, पेन मीच दिलं होतं रे तुझ्या हातात."

"टोपण पण तुम्हीच लावलंत ना, पप्पा."

काशीनाथरावांनी बराच वेळ एकच ओळ पुसली. मग त्यांनी मला सिद्धांतच्या या जुन्या शाळेला देऊन टाकलं.

तर मित्रांनो, माझ्यावर कॅलेंडर टांगू नका. मला वाचा, आणि नुसतं मनात वाचू नका. तुमच्या घरी काम करणाऱ्या मावशींना, गेटवरच्या वॉचमन काकांना, ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. मी मोठ्या आवाजात बोलू शकत नाही, तेवढं तुम्हीच करा.

गेल्या महिन्यात सिद्धांत ब्रश घेऊन आला होता. त्याने माझ्या अकराही ओळी पुन्हा गिरवल्या, पार्श्वभूमी निळी केली आणि शेवटी दुमडलेल्या कोपऱ्याशी थांबला. "पप्पा, हा जांभळा डाग कसला? यावरून पण रंग मारू?"

काशीनाथरावांनी चष्मा वर करून, वाकून बघितलं. फायलींवर असे डाग त्यांनी खूप पाहिले होते.

"राहू दे," ते म्हणाले. "कुणाची तरी सही आहे ती."