पक्का रंग

धाकटीला केस रंगवायची हौस कधीच नव्हती. घरातली सगळी हौस थोरलीच्या वाट्याला गेली होती. थोरली दिसायला ठसठशीत, बोलायला मोकळी, आणि केस असे तांबूस रंगवायची की रस्त्याच्या वळणावर आधी केस दिसायचे आणि मग ती. धाकटी ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर बसायची. कपडे घ्यायचे, चिठ्ठी लावायची, आणि रंग जाणार का ते बघायचं, एवढं तिचं काम. कपड्याच्या आतल्या शिवणीवर ती ओलं पांढरं फडकं घासायची. फडक्याला रंग लागला तर कच्चा, नाही लागला तर पक्का. मालकाचा स्वतःच्या डोळ्यांवर नसेल इतका विश्वास तिच्या फडक्यावर होता.

गेल्या हिवाळ्यात थोरली साध्या तापाचं निमित्त होऊन गेली. आईची स्मरणशक्ती तेव्हाच विरत चालली होती. थोरली गेल्याचं सांगितलं की ती नव्यानं ऐकल्यासारखी ऊर फुटून रडायची आणि दुपारी पुन्हा विचारायची, थोरली कधी येणार. रोज रोज तीच बातमी देऊन आईला रडवायचं कुणाला जमेल? धाकटीनं सांगणं सोडलं. मग आईनं विचारणं सोडलं, आणि त्यासोबत खाणंही. चमचा जवळ आला की ओठ घट्ट मिटायची. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. आई ती नळी उपसून काढणार आणि मग तिचे हात पलंगाला बांधावे लागणार, हे धाकटीला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्यात एकदा मालक थट्टेनं म्हणाले की तुमच्या भांगात खडू सांडलाय. धाकटीला ते लागलं. घरी येऊन तिनं थोरलीचं कपाट उघडलं, हाताला लागली ती ट्यूब घेतली आणि काळा असेल असं धरून डोक्याला फासली. तासाभरानं आरशात तांबूस केस पाहून तिनं कपाळावर हात मारला. उद्या दुकानात किती हसं होणार याचा विचार करत ती तशीच सुपाची वाटी घेऊन आईच्या खोलीत गेली.

आईनं मान वर केली. "आलीस?" ती म्हणाली. "किती वाट बघायला लावलीस, थोरले."

आणि तिनं आ केला. वाटी बघता बघता रिकामी झाली. धाकटी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली. थोडी आनंदानं रडली, आणि थोडी रागानंही. उष्टं-खरकटं आपण काढायचं, चादरी आपण बदलायच्या, आणि तोंड मात्र तिच्यासाठी उघडायचं. पण आई जेवली होती. त्यापुढे रुसव्या-फुगव्यांना काय किंमत?

रंग मात्र टिकेना. केस फिके पडू लागले तशी आई चमचा बघून घुटमळू लागली, आणि एका सकाळी तिनं सरळ विचारलं, "तुम्ही कोण, बाई?" धाकटी तडक पार्लरवालीकडे गेली. थोरलीचे केस हीच करायची. पार्लरवालीनं नीट रंग लावून दिला, आणि वर सल्ल्यांची सरबत्ती सुरू केली. रंग लावल्यावर लगेच डोकं धुवायचं नाही. धुवायचं तेव्हा गार पाण्यानं, कारण गरम पाण्यानं केसाचा खवला उघडतो आणि रंग निसटतो. शाम्पू सौम्य हवा, तोही बेतानं. उन्हात डोकं झाकायचं. केस वाळवायच्या मशीनला हात लावायचा नाही. उशीला साटीनचा अभ्रा घालायचा, सुती अभ्रा केस घासून काढतो. नवऱ्याचीही इतकी मर्जी सांभाळली नसती, असं धाकटी म्हणाली, आणि दोघी हसल्या.

तिनं सगळं पाळलं. भर थंडीत बर्फासारख्या पाण्याखाली डोकं धरलं, दात वाजेपर्यंत. आणि प्रत्येक वेळी केस धुतल्यावर सवयीनं ओलं पांढरं फडकं घेऊन बटांवर घासून बघितलं. पहिल्यांदा फडक्याला गंजासारखा डाग लागला. पुढच्या वेळी तो फिका झाला. मग एकदा फडकं पांढरंच राहिलं. धाकटी एकटीच आरशासमोर हसली. रंग पक्का झाला होता.

आई दोन्ही वेळा जेवू लागली. तिच्या गालांवर मांस आलं. थोरले, हे दे, थोरले, ते दे, असं दिवसभर चालायचं. धाकटी ओ द्यायची. सुरुवातीला ओ द्यायला तिला दुसरी हाक लागायची, पुढे पहिलीच पुरू लागली. दुकानात एकदा मालकानं तिला तीनदा हाक मारली आणि तिचं लक्षच गेलं नाही. मालक म्हणाले, कान धुवायला टाकलेत का? ती हसली, पण मनातून चरकली. सकाळी अंथरूण काढताना आणखी एक गोष्ट दिसली. तांबूस केस तिच्या साटीनच्या उशीवर नव्हते. ते पलीकडच्या थोरलीच्या पलंगावर होते, उशीच्या खोलगट भागात. त्या पलंगावर कुणी झोपत नव्हतं. निदान धाकटीला तरी आठवत नव्हतं.

रंग पुन्हा लावायची वेळ आली असेल म्हणून ती पार्लरवालीकडे गेली. पार्लरवालीनं भांग पाडला आणि तिचा चेहरा उतरला. आपलं गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊन आलंय, असं तिला वाटलं. मुळापासून असा एकसारखा रंग कुणी लावून दिला, असं तिनं जरा फणकाऱ्यानंच विचारलं. कुणीच नाही, धाकटी म्हणाली, मी डोक्याला हातही लावलेला नाही. मग मुळं पांढरी का नाहीत? पार्लरवालीनं एक केस बोटांत धरून चोळला. पुन्हा चोळला. तुझे केस रेशमासारखे बारीक होते, ती सावकाश म्हणाली, हे राठ आहेत. मग तिनं धाकटीच्या डाव्या कानामागचे केस उचलले आणि एकदम सोडून दिले, चटका बसावा तसे.

"तिला इथे भोवरा होता," ती म्हणाली. "कितीही चापून बसवला तरी उलटा उभा राहायचा. तुला नव्हता."

आणि आता? धाकटीनं आपलं बोट कानामागे नेलं. तिथले केस गोल फिरून उलटे उभे होते. ही गोष्ट आपल्या मुळावर आलीय, हे तिला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. पार्लरवालीनं त्या दिवशी तिच्या डोक्याला काही लावलं नाही, आणि पुन्हा ये असंही म्हणाली नाही.

तरीसुद्धा, आई जेवतेय ना, असं स्वतःला बजावत धाकटी घरी आली. चहाच्या वेळी तिनं दुधात पाव कुस्करला आणि चमचा आईच्या तोंडाशी नेला. आईनं मान फिरवली. डोळे मात्र स्वच्छ होते, कित्येक महिन्यांत नव्हते इतके.

"धाकटी कुठाय?" आईनं विचारलं.

धाकटीचा हात थांबला. आईच्या तोंडून ते नाव ऐकायला तिचे कान किती आसुसले होते, हे तिचं तिलाच आत्ता कळलं. "आई, मीच आहे," ती म्हणाली. "मीच धाकटी."

"चेष्टा पुरे, थोरले." आई चिडली नाही, समजुतीनं बोलली. "ती बरेच दिवस झाले आलेली नाही. रुसलीय माझ्यावर. तुझे लाड करता करता तिला जवळ घ्यायचं राहूनच गेलं. तिला बोलाव. आता मी तिच्याच हातचं खाणार."

आणि आईनं ओठ मिटले. तसेच घट्ट, नळीची गोष्ट निघाली होती त्या दिवसांतल्यासारखे.

धाकटी उठली आणि बाथरूममध्ये गेली. पार्लरवालीनं जे जे करू नको म्हणून सांगितलं होतं, ते ते सगळं तिनं केलं. सोसवेल त्याहून गरम पाणी डोक्यावर ओतलं. कपडे धुवायची पावडर टाळूला चोळली. दुकानातून आणलेलं डाग काढायचं औषध होतं, तेही ओतलं. कातडी भाजली, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण पायाशी वाहणारं पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. तिनं पांढरं फडकं घेतलं आणि केस उपटून यावेत इतक्या जोरानं घासलं. फडकं पांढरंच राहिलं. मग तिनं कात्री घेतली आणि एक बट मुळाशी कापली. कापल्या जागी टाळूवर जे खुंट राहिले तेही तांबूसच होते. आता तिला खरी भीती वाटली. आई खाणार नाही याची वाटली, आणि आई जिला बोलावतेय ती आता कुठून आणायची, याची त्याहून जास्त वाटली.

तिनं डोक्याला टॉवेल घट्ट गुंडाळला. एकही केस बाहेर दिसणार नाही असा. दारात उभी राहून तिनं हाक मारली, "आई, मी आले. धाकटी."

हाक तिच्याच कानांना परकी वाटली. आवाज मोकळा होता, खणखणीत होता. तिचा कधीच नव्हता तसा.

आईनं दाराकडे आशेनं पाहिलं. तिच्या चेहऱ्यापलीकडे, खांद्यावरून मागच्या रिकाम्या जिन्याकडे पाहिलं. मग हळूहळू ती आशा मावळली.

"नाही आली ना?" आई म्हणाली.

ती पलंगाच्या कडेला बसली. टॉवेल सुटून खांद्यावर आला, तो तिनं परत बांधला नाही. आईचा हात हातात घेतला. "येईल गं," ती म्हणाली. "दुकानातून निघाली असेल."

"दार लोटून ठेव. कडी लावू नकोस."

"नाही लावत."

वाटीतलं दूध गार झालं, त्यावर साय धरली. खाली जिन्यात कुणाचं पाऊल वाजलं की दोघी एकदमच माना वळवत होत्या. पाऊल दुसऱ्याच मजल्यावर थांबत होतं. थोरलीनं डाव्या कानामागचा भोवरा बोटानं चापून बसवला आणि पुन्हा दाराकडे बघत राहिली. आता तिलाही काळजी वाटू लागली होती. एवढा वेळ कधी लावत नाही पोरगी, अडली कुठे कुणास ठाऊक.