सात नंबरच्या खुर्चीचा संताप

मी सात नंबरची खुर्ची बोलतेय. जिच्यासाठी माणसं एकमेकांचे पाय ओढतात, ती मी नव्हे. मी स्की लिफ्टची खुर्ची. वर जाड केबल, तिला घट्ट पकडलेला माझा लोखंडी दांडा आणि खाली दोघांपुरतं बाक. बर्फावरून घसरत खाली आलेल्यांना पुन्हा डोंगरावर नेऊन सोडायचं, हे माझं काम. पन्नास वर्षं केलं, एकालाही पाडलं नाही. म्हणूनच आज माझं डोकं तापलंय.

तुमच्यापासून सातासमुद्रापार, बॉथेल शहरापासून दोन तासांवर आमचा डोंगर. आधीचे मालक म्हातारपणी थकले, तेव्हा मनोहरनं सॉफ्टवेअरची नोकरी सोडून तो घेतला. तिकिटांच्या खिडकीत बायको मंजुषा, लिफ्टवर मुलगी नीला, कॅन्टीनमध्ये आई सरलाकाकू. बर्फात गरम कांदेपोहे देणारी ही माणसं वाईट नाहीत, हे रागातही कबूल करते.

सीझनच्या पहिल्या दिवशी एका खुर्चीला हार घालतात. काकू मांडीवर नारळ घेऊन तिच्यात बसतात आणि माथ्यावर जाऊन तो फोडतात. तो मान दरवर्षी माझा.

यंदा नोव्हेंबरात वादळ आलं आणि एक अजस्र झाड मुळासकट केबलवर कोसळलं. आम्ही साऱ्याजणी हवेत उडून आपटलो. नऊ खुर्च्या चेपल्या. माझ्या दांड्याला वरच्या सांध्यापाशी केसाएवढा तडा गेला.

नीलाला शंका होती. "बाबा, एव्हरी चेअर खाली काढू. पेंट स्क्रेप करून जॉइंट्स चेक करू. प्लीज."

"अगं, दोनदा ओपनिंग कॅन्सल केलंय. केबल नवी टाकली, मोटर चेक झाली, चेपलेल्या चेअर्स काढल्या. बाकीच्या ठीक दिसतायत."

दिसतायत! मग काय, दिसण्याचीच सोय केली. पाहुणे येणार, फोटो निघणार, म्हणून आम्हाला लाल रंग फासला. माझा तडा रंगाखाली गेला. मी वाऱ्यावर जिवाच्या आकांतानं करकरले, तर मनोहर तेलाची बाटली घेऊन आला. "आता गप्प बसेल," म्हणाला. दुखणाईत कण्हतोय म्हणून त्याच्या तोंडात बोळा कोंबण्यातला हा प्रकार!

जानेवारीतल्या शनिवारी सकाळीच पार्किंग भरलं. बॉथेलची मराठी मंडळी पोराबाळांसह रांगेत उभी. मला हार घातला. वर जाताना लिफ्टच्या चौथ्या खांबापुढे खोल दरी आहे. सत्तरीच्या काकू, मांडीवर नारळ आणि माझा तडकलेला दांडा! तो हार पायदळी तुडवावासा वाटला, पण मला पाय कुठले?

काकूंनी दांड्याला कुंकू लावलं. नारळ कानाशी हलवून पाहिला. आणि मग नीलाच्या हातातला पाना घेऊन माझ्या दांड्यावर टोला दिला. आयुष्यभर प्रत्येक माठ वाजवून घेतलेली बाई ती. त्यांच्या कपाळाला आठी पडली. मागच्या आठ नंबरला टोला दिला, ती खणखणली. पुन्हा मला दिला.

"मनोहर, ही बद्द वाजतेय रे."

"आई, माठ आहे का तो? बस ना, लोक खोळंबलेत."

"मी नाही बसायची. आणि दुसऱ्या कोणालाही बसू देणार नाही."

नीलानं शिडी लावली, रंग खरवडला. तडा बोटभर लांब झाला होता. मनोहरनं वर चढून त्यावरून बोट फिरवलं, मग रांगेकडे वळून हात जोडले. त्या दिवशी लिफ्ट चालली नाही. लोक पोहे खाऊन घरी गेले. मग एकेक खुर्ची उतरवली, तेव्हा आणखी चार तडकलेल्या निघाल्या.

आता मी कॅन्टीनच्या भिंतीशी असते. लोक माझ्यावर बसून बूट काढतात. मनोहर रोज सकाळी प्रत्येक खुर्ची वाजवतो, मगच लिफ्ट सुरू करतो. शेवटी माझ्यापाशी येतो आणि हळूच एक टोला देतो. मी बद्द वाजते. त्याची मान खाली जाते.

माफ केलेलं नाही मी त्याला. उद्याही ये म्हणावं, आणि ऐक.